अंधारातील डोळा : थर्मल की नाइट व्हिजन?



ऊस पुरुषभर वाढला की पुणे, अहिल्यानगर, नाशिक या जिल्ह्यांतील बागायती पट्ट्यात रात्रीला निराळाच अर्थ प्राप्त होतो. विजेची पाळी रात्रीची असली म्हणजे शेतकऱ्याला पाण्याचे दारे धरण्यासाठी बाहेर पडावेच लागते. तो बॅटरीचा झोत बांधावरून फिरवतो, उगीचच खाकरतो आणि मगच पुढे पाऊल टाकतो. विदर्भात रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी जागलीला बसणाऱ्या शेतकऱ्याचीही स्थिती फारशी वेगळी नाही. दोघांनाही एकच गोष्ट हवी असते. समोरच्या काळोखात काय आहे, ते कळले पाहिजे.

ही गरज भागविणारी उपकरणे आता दुर्मिळ राहिलेली नाहीत. थर्मल म्हणजे उष्णता पाहणारी आणि नाइट व्हिजन म्हणजे अत्यल्प प्रकाशात पाहणारी, अशा दोन्ही प्रकारच्या दुर्बिणी बाजारात मिळतात. परदेशी शिकारी मासिकांतून त्यांची चर्चा मोठ्या हौसेने चालते. अमेरिकेतील टेक्सास राज्यात रानटी झालेल्या डुकरांची शिकार खाजगी जमिनीवर रात्रीही करता येते. त्यामुळे बंदुकीवर कोणती दुर्बीण बसवावी हा तेथे छंदाचा आणि ऐपतीचा प्रश्न होतो. आपल्याकडे तो तसा नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अनुसूचीतील वन्य प्राण्यांच्या शिकारीवर बंदी आहे. मूळ कायद्यात काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवाने होते, तथापि सूर्यास्त ते सूर्योदय या काळात शिकार करण्यास तेव्हाही मनाई होती. खास परवानगीने भक्ष्यावर येणाऱ्या हिंस्र श्वापदांपुरताच काय तो अपवाद होता. १९९१ च्या दुरुस्तीने ही परवाना पद्धतच संपुष्टात आणली. आज उरले आहे ते कलम ११. पहिल्या अनुसूचीतील प्राणी मानवी जीवितास धोकादायक झाला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक कारणे नमूद करून लेखी आदेशाने त्याच्या शिकारीस परवानगी देऊ शकतात. मात्र तो पकडता येणार नाही, बेशुद्ध करता येणार नाही वा अन्यत्र हलविता येणार नाही, अशी त्यांची खात्री झाल्याखेरीज त्याला मारण्याचा आदेश देता येत नाही. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूची नव्याने रचल्या. त्यांत बिबट्या पहिल्या अनुसूचीत राहिला आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आले. दुसऱ्या अनुसूचीतील प्राण्यांच्या बाबतीत उभ्या पिकाचे नुकसान हेही परवानगीचे कारण होऊ शकते, व ती प्राधिकृत अधिकाऱ्यालाही देता येते. सद्भावनेने केलेले आत्मसंरक्षण हा गुन्हा नव्हे. यापलीकडे रात्री बंदूक घेऊन रानात शिरणाऱ्याच्या हाती कितीही उंची दुर्बीण असली, तरी तो कायद्याच्या दृष्टीने शिकारचोरच होय.

म्हणजे या दुर्बिणीचा खरा ग्राहक कोण? वन विभागाचे बचाव पथक, गस्तीवरील वनरक्षक, आदेशान्वये नेमलेला नेमबाज. आणि बंदुकीविना वापरायची असेल तर जागलीवरचा शेतकरी व गावचे प्राथमिक कृती दल. या प्रत्येकाची गरज निरनिराळी आहे, आणि निवडीतील बहुतेक चुका या गरजांची गल्लत केल्याने होतात.

शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसराचे उदाहरण ताजे आहे. ऑक्टोबर २०२५ च्या मध्यापासून नोव्हेंबरच्या प्रारंभापर्यंत, अवघ्या तीन आठवड्यांत, तेथे दोन बालके व एक वृद्ध स्त्री बिबट्याच्या हल्ल्यांत मृत्युमुखी पडली. लोकक्षोभ अनावर झाला, रस्ते अडविले गेले. ट्रॅप कॅमेरे, पायांचे ठसे आणि थर्मल ड्रोन यांच्या साहाय्याने पथकाने माग काढला. ४ नोव्हेंबरच्या रात्री बिबट्या दृष्टीस पडला तेव्हा प्रथम बेशुद्धीचे डार्ट मारण्यात आले. ते साधले नाही, बिबट्या चाल करून आला आणि नेमबाजांनी त्याला गोळ्या घातल्या. उसाच्या समुद्रात एक जनावर हुडकून काढण्याचे काम थर्मलवाचून किती दिवस चालले असते, हे सांगणे कठीण आहे. परंतु याच घटनेत दोन निरनिराळी कामे होती, हेही ध्यानात घ्यावे. एक, जनावर कोठे आहे ते शोधणे. दुसरे, ते तेच जनावर आहे याची खात्री करणे. पहिले काम ड्रोनने केले, दुसऱ्यासाठी ट्रॅप कॅमेरे आणि ठसे लागले.

अंधारात शिकाऱ्याची काय अवस्था होत असे, ते पूर्वीच्या काळच्या वृत्तांतांवरून समजते. गढवालमधील रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या १९१८ ते १९२६ या आठ वर्षांत सव्वाशे माणसांचा काळ ठरला. जिम कॉर्बेट यांनी त्याला २ मे १९२६ रोजी गुलाबराय येथे आंब्याच्या झाडावरून टिपले. खाली बांधलेल्या बकऱ्याच्या गळ्यातील घंटा वाजली, तेव्हा बॅटरीचा प्रकाश नेमका क्षणभर पुरला. गोळी सुटली आणि बॅटरी मंदावून विझून गेली. बिबट्या मेला की निसटला, हे कळण्यासाठी कॉर्बेट यांना उजाडेपर्यंत झाडावरच बसावे लागले. मात्र त्या क्षणभराच्या प्रकाशात दिसला तो बिबट्याच होता, याविषयी संशयाला जागा नव्हती. आजच्या यंत्रयुगात उलट परिस्थिती उद्भवू शकते. रात्रभर सर्व काही दिसत राहते, पण जे दिसते ते काय आहे याची खात्री नसते.

ही दोन यंत्रे काम कशी करतात, ते पाहू.

नाइट व्हिजन म्हणजे मुळात प्रकाशाचा सावकार. आकाशातून येणारा थोडासा प्रकाश घ्यायचा आणि तो हजारो पटींनी वाढवून परत करायचा. भिंगातून आलेला प्रकाश एका संवेदी पडद्यावर पडतो, त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, सूक्ष्म नलिकांच्या चकतीतून जाताना त्यांची संख्या वाढते आणि पलीकडच्या फॉस्फरच्या पडद्यावर हिरवट चित्र उमटते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मन व अमेरिकन सैन्यांनी वापरलेल्या आद्य दुर्बिणींना अवरक्त किरणांचा दिवा सोबत वागवावा लागे. व्हिएतनाम युद्धात नुसत्या ताऱ्यांच्या प्रकाशावर चालणाऱ्या दुर्बिणी आल्या. पुढे गॅलियम आर्सेनाइडच्या पडद्याने तिसरी पिढी घडविली. अशा प्रकाशवर्धक नळ्या तयार करणारा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना, भारत इलेक्ट्रॉनिक्सची बेल ऑप्ट्रॉनिक डिव्हायसेस ही कंपनी, १९९० पासून पुण्यातच आहे, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. अलीकडे नळीऐवजी कॅमेऱ्यासारखा संवेदक असलेल्या डिजिटल दुर्बिणीही मिळतात. त्या स्वस्त असतात व दिवसाही वापरता येतात, परंतु काळ्याकुट्ट रात्री अवरक्त दिव्यावाचून त्यांचे पान हलत नाही. पौर्णिमेच्या चांदण्यात जितका प्रकाश असतो, त्याच्या शेकडो पटींनी कमी प्रकाश अमावास्येच्या निरभ्र रात्री असतो. आषाढातल्या ढगाळ रात्री तर तोही नाही. सावकाराजवळ भांडवलच नसेल तर तो व्याज कुठून देणार?

थर्मलला असे भांडवल लागत नाही. विल्यम हर्शेल यांनी १८०० साली सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात तांबड्या रंगाच्या पलीकडे तापमापक ठेवला, तेव्हा दिसत काही नसताना पारा चढला. त्या अदृश्य किरणांचेच हे यंत्र. प्रत्येक उबदार वस्तू स्वतःच किरण सोडीत असते. प्राण्यांच्या शरीराच्या उष्णतेचे किरण नऊ ते दहा मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक तीव्र असतात, आणि थर्मलचा संवेदक आठ ते चौदा मायक्रॉनच्या पट्ट्यात पाहतो. त्यामुळे चांदणे असो वा नसो, गार माळावर उभे असलेले जनावर पांढऱ्या ठिपक्यासारखे उठून दिसते. हिवाळ्याच्या रात्री तर ही किमया पाहून नवखा माणूस थक्क होतो.

तथापि या किमयेलाही मर्यादा आहेत, आणि विक्रेत्याच्या पत्रकात त्या बहुधा सापडत नाहीत. मे महिन्यात चंद्रपूर-यवतमाळकडील खडक दिवसभर तापलेले असतात. रात्री बऱ्याच उशिरापर्यंत खडक आणि जनावर यांच्या तापमानात फारसे अंतर राहत नाही व चित्र पुसट होते. मुसळधार पाऊस आणि दाट धुके यांत पल्ला झपाट्याने घटतो. उसाच्या पाल्यातून उष्णता आरपार येत नाही. दाट फडात बसलेला बिबट्या ड्रोनलाही सरींच्या फटींतून दिसला तरच दिसतो, आणि थर्मलला फडात काही आढळले नाही म्हणजे फड मोकळा आहे असे मुळीच नव्हे. साधी काच तर या किरणांना भिंतीसारखी असते. म्हणूनच या दुर्बिणींची भिंगे जर्मेनियमची करतात. गस्तीच्या जीपची काच न उतरवता आतून थर्मल लावणाऱ्याला काचेवर स्वतःच्याच उबेचे अंधूक प्रतिबिंब दिसेल.

आता मुख्य मुद्दा. थर्मल विकत घेताना प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो तो पल्ल्याचा. पत्रकावर आठशे मीटर, हजार मीटर, अठराशे मीटर असे आकडे ठळक छापलेले असतात. ते खोटे असतात असे नाही. ते 'काहीतरी आहे' एवढेच कळण्याचे आकडे असतात. अमेरिकन लष्करी प्रयोगशाळेतील जॉन जॉन्सन यांनी १९५८ मध्ये यासंबंधी जे निकष मांडले, ते आजही आधारभूत मानले जातात. त्यांचा आशय असा की, वस्तूच्या लहान बाजूवर दोनेक चित्रबिंदू पडले तर काही असल्याचे कळते. आठेक बिंदू पडले तर ते माणूस, जनावर की गाडी हे कळते. नेमके कोणते जनावर हे कळण्यास मात्र बारा-तेरा बिंदू लागतात.

हिशेब करून पाहू. बारा मायक्रॉनचे बिंदू असलेला संवेदक आणि पस्तीस मिलिमीटरचे भिंग, ही आज बाजारात सर्रास मिळणारी जोडी आहे. तिच्यातून शंभर मीटरवर एका बिंदूत साडेतीन सेंटिमीटरांची जागा मावते. बिबट्याची खांद्यापाशी उंची साठ सेंटिमीटर धरू. तर तो साडेआठशे मीटरवरही दोन बिंदूंचा ठिपका म्हणून दिसेल, आणि विक्रेता तोच आकडा सांगेल. ते जनावरच आहे हे सुमारे दोनशे वीस मीटरांवर कळेल. तो बिबट्या आहे, कुत्रा वा वासरू नव्हे, हे समजण्यास एकशे चाळीस मीटरांच्या आत जावे लागेल. एवढ्यानेही भागत नाही. जॉन्सन यांचे हे निकष सरावलेल्या निरीक्षकाला निम्म्या वेळा अचूक ओळख पटावी, या हिशेबाचे आहेत. जेथे चूक झाल्यास माणसाचा प्राण जाणार, तेथे निम्म्या वेळचा अचूकपणा काय कामाचा? तेव्हा शंभर मीटर हेही अंतर जास्तच समजावे.

संवेदकावर ६४० × ५१२ बिंदू आहेत की ३८४ × २८८, यावर दृश्याची रुंदी अवलंबून असते. वरच्या जोडीत शंभर मीटरवर पहिल्यातून बावीस मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, दुसऱ्यातून तेरा मीटरांचा. भिंग तेच असेल तर अधिक बिंदूंमुळे ओळख पटण्याचे अंतर वाढत नाही. हे न कळल्याने अनेकदा अकारण खर्च होतो. ओळख हवी असेल तर मोठे भिंग घ्यावे, आणि शोध घ्यायचा असेल तर रुंद दृश्य घ्यावे. दोन्ही एकाच यंत्रात साधू पाहणारा बहुधा दोहोंनाही मुकतो. तापमानातील सूक्ष्म फरक टिपण्याची क्षमता मात्र जरूर पाहावी. ती मिलिकेल्व्हिनमध्ये सांगतात, आणि आकडा जितका लहान तितके दमट हवेत चित्र बरे.

थर्मलमध्ये रंग नाही, सावली नाही, चेहरा नाही. घोंगडी पांघरून बांधावर बसलेला माणूस त्यात माणसासारखा दिसत नाही. लोकर ऊब आत धरून ठेवते, त्यामुळे चेहरा व हात यांचेच दोन-तीन पांढरे तुकडे जमिनीलगत दिसतात. ओणवे होऊन दारे धरणारा मनुष्य चतुष्पादासारखा भासू शकतो. ऊसतोडणीच्या हंगामात फडाच्या कडेला कामगारांच्या कोप्या उभ्या असतात. चटईच्या भिंतीमागे झोपलेले अख्खे कुटुंब थर्मलला दिसत नाही, आणि गोळी मात्र त्या भिंतीतून सहज पार होते. ही भीती काल्पनिक नव्हे. २०२५ च्या प्रारंभी पालघर जिल्ह्यात मनोर परिसरातील जंगलात रानडुकराच्या शिकारीस गेलेल्या गावकऱ्यांपैकीच एकावर डुक्कर समजून गोळी झाडली गेली, व तो प्राणास मुकला. ती शिकार बेकायदेशीर होती हे खरेच, पण गोळी झाडणाऱ्याच्या डोळ्यांनी जी चूक केली ती परवानाधारकाच्या डोळ्यांकडूनही होऊ शकते.

बिबट्याच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. त्याच्या अंगावरील ठिपक्यांची नक्षी ही त्याची ओळखपत्रिका होय. कोणत्याही दोघांची नक्षी सारखी नसते. रात्री थर्मलमध्ये ही नक्षी पुसली जाते आणि सगळे बिबटे एकसारखे पांढरे दिसू लागतात. एका भागात एकच बिबट्या असता तर यातून बिघडले नसते. परंतु अकोले तालुक्यातील शेती-वस्तीच्या प्रदेशात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रॅप कॅमेऱ्यांच्या साहाय्याने केलेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. २०२२ च्या गणनेनुसार महाराष्ट्रात १,९८५ बिबटे होते. त्यांतील फार थोडे माणसावर हल्ला करतात. आदेश एका विशिष्ट जनावराविषयी निघतो. चुकीचा बिबट्या मारला गेला, तर खरा गुन्हेगार त्याच उसात राहतो आणि गाव मात्र निर्धास्त होऊन मुलांना अंगणात सोडते. येथे नाइट व्हिजन उपयोगी पडते. अवरक्त दिव्याच्या प्रकाशात जवळच्या अंतरावरून ठिपके दिसतात, जखमेची खूण दिसते, लंगडणे कशामुळे ते कळते. ट्रॅप कॅमेऱ्याच्या छायाचित्राशी ताडून पाहता येईल असे चित्र देण्याचे सामर्थ्य प्रकाशाच्या यंत्रात आहे, उष्णतेच्या यंत्रात नाही.

यवतमाळ जिल्ह्यातील टी-१ अर्थात अवनी वाघिणीच्या प्रकरणातही थर्मल ड्रोनचा उपयोग शोधासाठी झाला होता. तेरा माणसांच्या मृत्यूशी जिचा संबंध जोडला गेला, ती वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळीने मारली गेली. त्यानंतर जो वाद झाला तो वाघीण सापडली कशी याविषयी नव्हता. रात्रीच्या वेळी, त्या परिस्थितीत तिला मारणे नियमांस धरून होते काय, यावर तो होता. दुर्बीण रात्रीला दिवस करीत नाही, हे अशा प्रसंगी उघड होते.

म्हणून पथकासाठी एकच यंत्र घ्यायचे असेल तर ते बंदुकीवरचे नसावे. हातात धरायची थर्मल दुर्बीण प्रथम घ्यावी. बंदुकीवर बसविलेल्या दुर्बिणीतून शोध घेणारा मनुष्य प्रत्येक उबदार ठिपक्याकडे बंदुकीची नळी रोखत असतो. तो ठिपका शेजारच्या वस्तीतील म्हातारबाबाही असू शकतात. शोध हाताने घ्यावा, ओळख दुसऱ्या यंत्राने पटवावी आणि मगच शस्त्र उचलावे. डार्ट मारणाऱ्यास तर अंतराचा अचूक अंदाज हवा, कारण डार्ट गोळीसारखे सरळ जात नाही. एका डोळ्याने थर्मलमध्ये पाहताना अंतराची जाण जवळजवळ नाहीशी होते. त्यास्तव लेसरचा अंतरमापक सोबत असणे ही चैन नव्हे.

जागलीवरील शेतकऱ्याला यांतील बहुतेक गोष्टींची गरजच नाही. जनावर आले एवढे वेळीच कळले की डबा वाजविता येतो, शेजाऱ्याला हाक मारता येते, मचाणावरून खाली न उतरण्याचे शहाणपण सुचते. त्याला लहान भिंगाची, रुंद दृश्याची साधी थर्मल दुर्बीण पुरते. चार-पाच शेतकऱ्यांनी वा ग्रामपंचायतीने मिळून ती घेतल्यास खर्चही झेपतो.

अवरक्त दिव्याविषयी थोडेसे. ८५० नॅनोमीटरचा दिवा दूरवर पोहोचतो, पण त्याची मंद तांबूस ठिणगी डोळ्यांना दिसते. ९४० चा दिवा दिसत नाही, परंतु त्याचा पल्ला कमी. प्रकाशवर्धक नळीची दुर्बीण भर दिवसा वा गाडीच्या दिव्यांसमोर उघडू नये. नळी कायमची बिघडू शकते. आणि कोणत्याही पडद्यातून पाहून डोळा वर काढला की काही काळ त्या डोळ्याला अंधारात दिसत नाही. तेव्हा पाहणारा एक आणि चालणारा दुसरा, अशी जोडी ठेवावी.

खरेदीपूर्वी चाचणी घ्यावी ती दुकानात नव्हे, शेतावर. बांधावर एक कुत्रा, एक वासरू, घोंगडी पांघरलेला एक माणूस आणि ओणवा झालेला दुसरा, असे निरनिराळ्या अंतरांवर ठेवून पथकातील प्रत्येकाला स्वतंत्रपणे ओळखावयास सांगावे. या वेळी बंदूक जवळपासही नसावी. ज्या अंतरापर्यंत एकाचेही उत्तर चुकले नाही, ते अंतर दुर्बिणीच्या पेटीवर रंगाने लिहून ठेवावे. हीच चाचणी एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळ्यात पुन्हा घ्यावी, व त्या त्या ऋतूचा आकडा निराळा लिहावा. पत्रकावर छापलेला पल्ला पेटीवर चिकटवण्याचे कारण नाही.